गाई चरतात त्या गोल्फ कोर्सशेजारी

अ‍ॅस्कर्निशच्या गोल्फ कोर्सवर हिवाळ्यात गाईगुरं आणि मेंढ्या चरतात. उन्हाळ्यात त्याच गवतावर खेळायला अमेरिकेतून, जर्मनीतून, स्वीडनमधून माणसं येतात. त्यातली काही आमच्याकडे उतरायची. ‘आमच्याकडे’ म्हणजे साउथ यूइस्ट बेटावरच्या एका लहानशा इनमध्ये: खाली बार आणि जेवणघर, वर मोजक्या खोल्या, मागे कोंबड्या. तिथे मी एक हंगाम नोकरी केली. भांडी, चादरी, नाश्ता ही कामं होतीच, पण मला घेतलं होतं ते मुख्यतः एका अर्जासाठी. इनला ‘ग्रीन टुरिझम’चं मानांकन हवं होतं आणि तो अर्ज भरण्याइतका वेळ मालकीणबाईंकडे नव्हता.

साउथ यूइस्ट हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीज बेटांच्या साखळीत आहे. ग्लासगोहून मॅलेगपर्यंत रेल्वे आणि तिथून लॉकबॉइसडेलपर्यंत साडेतीन तासांची फेरीबोट, तीही वाऱ्याने मनावर घेतलं नाही तर. मी ग्लासगोत हॉस्पिटॅलिटीचं एमएससी केलं होतं, शिक्षणानंतर दोन वर्षं राहू देणारा व्हिसा हातात होता आणि शहरातल्या साखळी हॉटेलांचा कंटाळा आला होता. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. मालकीणबाईंनी विचारलं, गोल्फ येतं का? म्हटलं, नाही. मग विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, रेडीला आमचं निवास-न्याहारी आहे, चार खोल्या, नारळीच्या बागेत. त्या हसून म्हणाल्या, मग तुला सगळं येतं.

गोल्फबद्दल माझ्या मनात अढी होती, हे इथेच सांगते. आमच्या गावाला लागूनच तेरेखोल. गाव गोव्याचं, पण खाडीच्या आमच्या काठावर. तिथे गोल्फ रिसॉर्ट येणार म्हणून गावकऱ्यांनी केलेलं आंदोलन, कुळांच्या जमिनींचा प्रश्न, कोर्टातले खटले, हे सगळं शाळा-कॉलेजच्या वयात जवळून ऐकलेलं. गोल्फ म्हणजे कुणाच्या तरी काजूच्या बागा उठवून केलेली आणि विहिरी उपसून हिरवी ठेवलेली हिरवळ, असं एक चित्र डोक्यात पक्कं होतं.

अ‍ॅस्कर्निशला पहिल्यांदा गेले तेव्हा हिरवळ दिसलीच नाही. पिवळट, तांबूस, कुठे करडं गवत. सशांनी उकरलेली बिळं. सुरुवातीची मैदानं सपाट आणि सातव्या होलपासून (होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, आणि तिथवरचा एकेक टप्पाही) पुढे वाळूच्या टेकड्यांचा पसारा. पलीकडे अटलांटिक. बंकरसुद्धा, म्हणजे खेळातले वाळूचे खड्डे, बहुतेक वाऱ्याने आणि जनावरांनी केलेले. जनावर वाऱ्याच्या आडोशाला बसतं, गवत निघून जातं, वाळू उघडी पडते. कृत्रिम खत नाही, कीटकनाशक नाही. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली शैवालं खत म्हणून वापरतात. ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) कापायला माणूस आणि यंत्र आहे, बाकी फेअरवे (तिथवर जाणारे गवताचे पट्टे) कसे राखायचे हे बरंचसं गुरं ठरवतात.

इतिहास कळल्यावर मात्र तेरेखोल पुन्हा आठवलंच. हा कोर्स 1891 साली ओल्ड टॉम मॉरिसने आखला. सेंट अँड्र्यूजचा हा माणूस, चार वेळा ‘ओपन’ ही गोल्फस्पर्धा जिंकलेला, त्या काळातला सर्वांत नावाजलेला ग्रीनकीपर, म्हणजे मैदान राखणारा. बोलावलं होतं लेडी गॉर्डन कॅथकार्ट या जमीनदारीणबाईंनी. त्यांच्या सासऱ्यांनी, क्लूनीच्या कर्नल गॉर्डनने, 1851 मध्ये याच बेटांवरच्या कुळांना जहाजांत भरून कॅनडाला पाठवलेलं. म्हणजे माणसं उठवली आणि चाळीस वर्षांनी गोल्फ आला. पुढे कोर्स आक्रसत गेला. मधल्या काळात सपाट भागावर विमानं उतरत, मागे नऊ होल उरले आणि टेकड्यांमधला जुना भाग गवताखाली गेला. 2005 मध्ये गॉर्डन अर्व्हिन या ग्रीनकीपिंगच्या जाणकाराच्या पाहण्यात तो आला, आणि 2008 मध्ये अठरा होल पुन्हा उघडले. तेही वादाशिवाय नाही. गावातल्या काही क्रॉफ्टरांनी (क्रॉफ्टर म्हणजे इथले छोटे कूळ-शेतकरी) चराऊ हक्कांसाठी कोर्टाची पायरी चढली.

फरक एवढाच की मधल्या काळात, 2006 मध्ये, जमीनच लोकांनी विकत घेतली. साउथ यूइस्ट, एरिस्के आणि बेन्बेक्युलाचा भाग मिळून सुमारे 93,000 एकरांची इस्टेट आज ‘स्टोरस यूइस्ट’ या रहिवाशांच्या कंपनीकडे आहे. लॉक कार्ननला त्यांच्या तीन पवनचक्क्या आहेत, एकूण 6.9 मेगावॅटच्या, आणि त्याचं उत्पन्न बेटावरच येतं. गोल्फवाले आणि गुरंवाले दोघेही एकाच मालकाशी भांडतात आणि तो मालक म्हणजे ते स्वतःच. फोनवर बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “मग भांडण मिटत कसं नाय?” बरोबर आहे, मिटत नाही. पण बाहेरच्या कुणाकडून निकाल येत नाही.

आता अर्ज. ‘ग्रीन टुरिझम’ ही योजना स्कॉटलंडमध्येच 1997 साली सुरू झाली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. मला वाटलं होतं, ‘टॉवेल पुन्हा वापरा’ छाप पाट्या लावल्या की काम झालं. प्रत्यक्षात पहिलं काम निघालं विजेची, हीटिंग ऑइलची आणि पाण्याची वर्षभराची बिलं शोधण्याचं. ती बिस्किटांच्या डब्यात, बारच्या गल्ल्याखाली आणि एक तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याखाली घडी करून ठेवलेलं सापडलं, काटा डुगडुगू नये म्हणून.

बिलं मिळाली की एकूण युनिटना पाहुण्यांच्या रात्रींनी भागायचं. इथे माझं पहिलं भांडण झालं, अर्जाशी. बेटावर नोव्हेंबर ते मार्च पाहुणे जवळजवळ नसतात, पण पाइप गोठू नयेत, भिंतींना ओल चढू नये म्हणून घर तापवावंच लागतं. मग हिवाळ्यातल्या दर पाहुण्यामागचा आकडा भयानक दिसतो. उलट उन्हाळ्यात खोल्या खच्चून भरा, सगळी यंत्रं अखंड चालवा, की दर पाहुण्यामागचा आकडा सुंदर. एकूण जास्त जाळणारं हॉटेल कागदावर कमी जाळणारं दिसतं. मी दोन्ही आकडे लिहिले, दर पाहुण्यामागचा आणि वर्षाचा एकूण, आणि खाली एक परिच्छेद खरडला. मालकीणबाई म्हणाल्या, एवढं कोण वाचतं! वाचलं गेलं, त्याबद्दल पुढे.

सगळ्यात जास्त वीज खात होता तो टंबल ड्रायर. गोल्फर भिजून येतात, रोज. बूट, मोजे, जॅकेट, हातमोजे, पिशव्या. शिवाय चादरी. रेडीत पावसाळ्यात कपडे वाळवायची विद्या मला चांगली अवगत. इथे पाऊस आहे, पण वारा आपल्या कोकणात कधी नसतो इतका आहे, आणि कोरडा होऊन येतो तेव्हा चादर तासाभरात खडखडीत. अडचण एवढीच की साधे चिमटे टिकत नाहीत. एक उशीचा अभ्रा शेजारच्या मेंढ्यांच्या कळपात जाऊन पडला. मग दोरी घराच्या आडोशाला बांधली, दुहेरी पीळ देऊन, कापडाचा कोपरा पिळात अडकवायचा. चिमटा नकोच. मागच्या बाजूला बॉयलरची खोली होती, तिथे कायमची ऊब. तिथे फळ्या आणि दांड्या मारून बुटांची आणि जॅकेटांची सोय केली. ड्रायर बंद झाला नाही, पण सलग पावसाच्या दिवसांपुरता उरला. त्या हंगामातला विजेचा सगळ्यात मोठा फरक हाच. दिवे बदलण्याने एवढं झालं नसतं.

सेप्टिक टँकबद्दल कुणी पर्यटक लिहित नाही, म्हणून मी लिहिते. बेटावर घरं विखुरलेली, प्रत्येकाची टाकी आपली आपण. टाकीतलं काम जिवाणू करतात, आणि ब्लीच घातलं की ते मरतात. त्यामुळे ब्लीच बंद करणं हा इथे पर्यावरणप्रेमाचा प्रश्न नव्हता. टाकी तुंबली तर उपसायला गाडी बोलवावी लागते. दुसरा शत्रू चरबी. स्कॉटिश नाश्त्यात बेकन, सॉसेज, स्टॉर्नोवेचं ब्लॅक पुडिंग (रक्त घालून केलेलं सॉसेज), तळलेली अंडी. तवा धुतला की सगळं मोरीत. मी तवे आधी कागदाने पुसायला लावले, कागद कचऱ्यात. एवढंच. पण ते रोज सकाळी साडेसातला, पाच पाहुणे एकदम खाली उतरलेले असताना, करवून घेणं म्हणजे काय ते स्वयंपाकघरात काम केलेल्यालाच कळेल.

उरलेलं अन्न कोंबड्यांना जाईल असं मी गृहीत धरलं होतं. ब्रिटनमध्ये त्याला कायद्याने बंदी आहे. 2001 सालच्या लाळ्या-खुरकूत साथीनंतर जनावरांना स्वयंपाकघरातलं खरकटं घालणं थांबलं, आणि त्यात घरची कोंबडीही आली. म्हणजे परसात कोंबड्या फिरतायत, ताटात टोस्टचे तुकडे उरलेत, आणि दोघांची गाठ घालून द्यायची नाही. ग्रामीण भागातल्या हॉटेलांना ओला कचरा वेगळा द्यायची सक्ती नाही, कारण तो गोळा करायला गाडी फिरवणंच परवडणारं नाही. मग झाकणाचं, उंदीर शिरणार नाहीत असं जाड पिंप आणलं आणि त्यात कंपोस्ट. हंगामाच्या शेवटी ते वाळूमिश्रित जमिनीत गेलं आणि कांद्याची पात बरी आली.

‘स्थानिक अन्न’ हा रकाना भरताना मला सगळ्यात जास्त कोकण आठवलं. बेटाभोवतीच्या समुद्रात लँगोस्टीन, आपल्या टायगर कोळंबीच्या थोरल्या भावंडासारखे, उत्तम मिळतात. पण त्यातले बहुतेक जिवंतच लॉरीत बसून स्पेनला जातात, कारण भाव तिथे. इनमध्ये मात्र फ्रीझरमधली कोळंबी, कुठून तरी लांबून आलेली. वेंगुर्ल्याच्या बाजारातली चांगली सुरमई गोव्याच्या हॉटेलांत जाते आणि आमच्या पाहुण्यांना बांगडा मिळतो, तेच. मालकीणबाईंनी एका मच्छीमाराशी बोलून शुक्रवारी एक खोका ठरवला, स्पेनच्याच भावाने. मेन्यूत लिहिलं, ‘बोट गेली असेल तर’. बोट न गेलेल्या शुक्रवारी डाळीचं सूप. एका अमेरिकन गोल्फरने त्यावर नाराजी दाखवली, आणि ते सूप दोनदा घेतलं. त्यात मी जिऱ्याची फोडणी दिली होती हे त्याला सांगितलं नाही.

खरी पंचाईत पीटची. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेली, अर्धवट कुजलेली वनस्पती. विटांसारखे तुकडे कापून, माळावर वाळवून जाळतात. बेटावरची पिढ्यान्‌पिढ्यांची चूल. पाहुण्यांना बारमध्ये पीटचा जाळ हवाच असतो, तो वास घेऊन ते घरी जातात. पण दलदल वर्षाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. मीटरभर खोल कापलं तर हजार वर्षं कापली. आणि त्यात साठलेला कार्बन धुराड्यातून वर जातो. अर्जाच्या दृष्टीने हे सरळ वाईट. मालकीणबाईंचं म्हणणं असं की त्यांच्या आजोबांच्या खाचेतून हाताने कापलेली पीट जाळायची नाही आणि टँकरने, जहाजाने आलेलं ऑइल जाळायचं, हे कसलं ग्रीन? मी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून पाहिला. उष्णतेच्या मानाने पीटमधून कार्बन ऑइलपेक्षा जास्त निघतो, हाताने कापली म्हणून तो कमी होत नाही. त्यांना ते पटलं असं म्हणणार नाही. पण जाळ फक्त बारमध्ये, फक्त संध्याकाळी आणि फक्त थंडी असेल तेव्हा, असं ठरलं, आणि अर्जात आम्ही तेच लिहिलं. ‘वापरत नाही’ असं लिहून टाकण्याचा मोह मला झाला होता, त्यांना नाही.

अर्जात जैवविविधतेचाही भाग होता. मला भीती वाटली होती, पण तो सगळ्यात सोपा निघाला, कारण इनच्या दारातच ‘माखर’ (machair): गणपतीचं नव्हे, इथल्या किनारी कुरणाचं हे नाव. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत येते, पीटच्या आम्ल जमिनीवर पसरते आणि त्यातून चुनखडीयुक्त, सुपीक कुरण तयार होतं. जगात हे फक्त स्कॉटलंडच्या आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. जूनमध्ये त्यावर फुलांचा नुसता गालिचा असतो, आणि ग्रेट यलो बम्बलबी नावाची दुर्मीळ मधमाशी तिथे टिकून आहे. गोल्फ कोर्सही याच माखरवर. औषधं मारली असती तर हे गेलं असतं, म्हणून तिथल्या फेअरवेवर पिवळी फुलं दिसली तर कुणी तक्रार करत नाही.

तक्रार झाली ती पक्ष्याची. कॉर्नक्रेक आफ्रिकेतून एप्रिलच्या शेवटाला येतो, उंच गवतात लपतो आणि रात्रभर क्रेक्स-क्रेक्स ओरडतो. दिसत कधीच नाही. ब्रिटनमध्ये त्याची संख्या फार घटलेली. कुरणं लवकर कापल्यामुळे पिल्लं मरतात, म्हणून उशिरा कापणी करणाऱ्या क्रॉफ्टरांना पैसे दिले जातात. आमच्या मागच्या कुरणात एक मुक्कामाला होता. पाहुणे सकाळी लाल डोळ्यांनी खाली यायचे. खोली बदलून द्या, ते यंत्र बंद करा, असं म्हणायचे. मग मी प्रत्येक उशीजवळ कानातले बोळे आणि एक कार्ड ठेवलं: हा कोण, कुठून आला, का ओरडतो. नंतर उलटंच झालं. लोक मागच्या खोल्या मागू लागले, आणि पक्षी गप्प राहिला की तक्रार.

गोल्फ मला शेवटी थोडंफार आलं. क्लबच्या एका वयस्कर सदस्याने संध्याकाळी शिकवलं. इथे चेंडू उंच मारणं मूर्खपणाचं, वारा तो दुसऱ्या होलवर नेऊन टाकतो. जमिनीलगत ढकलायचा, उतार बघून. चाळीस-पन्नास पावलांवरूनही पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी) वापरलेला चालतो. सोळाव्या होलला ‘ओल्ड टॉम्स पल्पिट’ म्हणतात. तिथला ग्रीन उंचवट्यावर बसलाय, आणि तिथे मी एका संध्याकाळी इतके चेंडू मॅरम गवतात घालवले की शिकवणारा सिगरेट ओढत बसून राहिला. ते गवतातले चेंडू हा आणखी एक प्रश्न: रबर आणि प्लास्टिक, कुजत नाही, वादळात समुद्रात जातं. मग फिरायला जाताना सापडतील ते उचलून, धुऊन, बारच्या दारात टोपलीत ठेवायचे, शेजारी पैसे टाकायला डबा. मागे राहिलेल्या जुन्या क्लबांचे, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचे, दोन संच जुळवले, म्हणजे रेल्वेने येणाऱ्याला किट वाहून आणायला नको. त्याचा उपयोग फार जणांनी केला नाही. गोल्फरला दुसऱ्याची काठी आवडत नाही.

परीक्षक पाहणीला आल्या त्या दिवशी वारा होता आणि दुपारची फेरी रद्द झाली, त्यामुळे त्यांचा मुक्काम वाढला. मला तो फायदाच वाटला. त्यांनी बॉयलरच्या खोलीतले बूट पाहिले, पिंपात डोकावलं, सेप्टिक टँकचं झाकण कुठे ते विचारलं. एकूण आणि दर पाहुण्यामागे असे दोन आकडे का लिहिले, यावर अर्धा तास बोलल्या. त्यांनी तो परिच्छेद वाचलेला होता. पीटबद्दल एकच प्रश्न विचारला, वर्षाला किती ट्रेलर. आणि मग एक प्रश्न असा, ज्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं: पाहुणे बेटावर कसे येतात? शिकागोहून विमानाने आलेल्या माणसाने इथे ओला टॉवेल दोन दिवस वापरला, तर हिशेब कुठे पोचतो? मालकीणबाई म्हणाल्या, तो यायचा थांबला तर मी इन बंद करते. परीक्षकबाईंनी ते लिहून घेतलं.

आम्हाला सिल्व्हर मिळालं. शेरा अपेक्षित होता: हीटिंग ऑइल. हीट पंपाचा (विजेवर घर तापवणाऱ्या यंत्राचा) अंदाजखर्च मागवला होता, तो आकडा बघून मालकीणबाईंनी कागद पुन्हा वजनकाट्याखाली सरकवला. पण त्यांनी पाहुण्यांना बुकिंगच्या ईमेलमध्ये रेल्वे आणि फेरीचं वेळापत्रक पाठवायला सुरुवात केली, आणि तीन रात्रींपेक्षा जास्त राहणाऱ्याला सवलत. विमानाने आलात तर निदान राहा तरी.

कुणाला जायचं असेल तर मे-जून उत्तम. फुलं, पक्षी आणि रात्री साडेदहापर्यंत उजेड. अ‍ॅस्कर्निशला अठरा होल खेळायला चार-पाच तास धरा, चालतच. बूट दोन जोड न्या. रविवारी सगळं बंद असेल अशी भीती नको, ते उत्तरेकडच्या कट्टर प्रोटेस्टंट लुइस बेटाचं. साउथ यूइस्ट कॅथलिक आहे, रस्त्याकडेला मेरीमातेची छोटी देवळं दिसतात आणि गोव्यात असल्यासारखं वाटतं. फेरीचं तिकीट आधी काढा, पण परतीच्या दिवसाला लागून विमान ठेवू नका. आणि खोली मागताना मागची मागा, शुक्रवार धरून.